मिरच्या कुणी भाजल्या?

कालिमास नदीच्या काठी, मॉलच्या शेजारी आमची पाणबुडी ठेवलेली आहे. पाणी पन्नास पावलांवर, पण तिचा आता पाण्याशी काही संबंध नाही. गोदीत तिचे तुकडे केले, ट्रकवर घालून शहरात आणले, पुन्हा जोडले आणि लोकांना ये-जा करता यावी म्हणून तिच्या कुशीला दोन दारं कापली. पाणबुडीच्या कुशीला दार हा प्रकार जुन्या खलाशांना अजून बघवत नाही. पुढच्या दाराने शिरायचं, सात खण ओलांडायचे, मागच्या दाराने बाहेर पडायचं. मधे माहिती सांगायला मी असतो.

मी तोहीर. आरमारात बावीस वर्षं काढली, पण सुरुंग काढणाऱ्या बोटीवर, म्हणजे पाण्याच्या वर. त्यामुळे पाणबुडीवाले म्हातारे मला ‘कोरडा’ म्हणतात. पाणबुडीची माहिती सांगायला कोरडा माणूस ठेवलाय, यावर दर सप्टेंबरात त्यांचे तेच ते विनोद होतात. मी ऐकून घेतो. पगार मला मिळतो, त्यांना नाही.

लोकांना माहिती नको असते, हे मला पहिल्या महिन्यातच कळलं. बोटीची लांबी सांगा, वजन सांगा, शाळेची पोरं खिडक्या शोधत बसतात आणि खिडक्या नाहीत म्हटल्यावर जांभया देतात. म्हणून चौथ्या खणात, जिथे स्वयंपाकाची जागा आहे, तिथे मी एक किस्सा बसवला होता. सप्टेंबरच्या मेळाव्यात म्हाताऱ्यांकडूनच ऐकलेला. त्यात थोडं मीठ-मसाला माझा.

बासष्ट साल. पश्चिम इरियानच्या ताब्यावरून डचांशी आमचं जुंपलेलं. ही बोट पूर्वेच्या समुद्रात गस्तीवर, आत त्रेसष्ट माणसं आणि पंचेचाळीस डिग्री उकाडा. अकराव्या दिवशी स्वयंपाक्याला काय लहर आली कुणास ठाऊक, त्याने सांबलच्या ठेच्यासाठी मिरच्या तव्यावर तळायला टाकल्या. वर तरासी, म्हणजे आमची ती आंबवलेल्या कोळंबीची वडी. पाण्याखाली, बंद डब्यात! आणि नेमकं त्याच वेळी डोक्यावर डचांचं जहाज आलं. कॅप्टनने शांततेचा हुकूम सोडला. शांतता म्हणजे पंखे बंद, पंप बंद, बूट काढून आडवं व्हायचं. नुसतं खाकरलात तरी वरच्याला ऐकू जाईल.

“आता सांगा,” मी पोरांना म्हणायचो, “घरी आई सांबल करते तेव्हा तुम्हाला काय होतं?”

पोरं खोकून दाखवायची. मीही खोकायचो, टॉवेल तोंडात कोंबायचो, डोळे मोठे करायचो. एक तास चाळीस मिनिटं त्रेसष्ट माणसांनी ठसका दाबून धरला. कुणी उशी चावली, कुणी स्वतःचा दंड चावला. एकही खोकला नाही. जहाज निघून गेलं. मग एखादं पोर विचारायचंच, त्या स्वयंपाक्याचं काय झालं? त्याला उतरवला किनाऱ्यावर, मी सांगायचो, आणि जन्मभर भात शिजवायला लावला. हशा व्हायचा. पोरं पाचव्या खणात खूश होऊन जायची.

दर गुरुवारी सकाळी एक म्हातारा यायचा. बारीक, ताठ, पायांत रबरी चपला. जुन्या खलाशांना तिकीट नसतं, त्यामुळे नाव लिहून घ्यायची वेळ आली नव्हती. तो थेट चौथ्या खणात जायचा, विजेच्या शेगडीपाशी पाच मिनिटं उभा राहायचा, रुमालाने तिची कड पुसायचा आणि निघून जायचा. असे लोक येतात. कुणी टॉर्पेडोला हात लावतं, कुणी आपला जुना बिछाना शोधतं. मी लक्ष दिलं नाही. माझा किस्सा चालू असला तर तोही मागे उभा राहून ऐकायचा, पोरांबरोबर हसायचा.

असं तीन वर्षं चाललं. मग एका गुरुवारी पोरं पुढे गेल्यावर त्याने मला हळूच थांबवलं.

“मिरच्या तळल्या नव्हत्या,” तो म्हणाला. “तू दर वेळी तळल्या सांगतोस. कोरड्या भाजल्या होत्या. तेलात असत्या तर एवढा धूर झाला नसता.”

मी विचारलं, तुम्ही त्या बोटीवर होतात का. तो म्हणाला, होतो. कुठल्या कामावर, हे विचारायची मला गरज पडली नाही, कारण त्याचा हात शेगडीवर होता.

त्याचं नाव पोनिजान. त्या दिवशी मला खरोखर लाज वाटली. मी म्हटलं, बापाक (वडीलमाणसाला आम्ही असंच म्हणतो), उद्यापासून हा किस्सा बंद. त्याने मान हलवली. बंद करू नकोस म्हणाला, पोरांना बोटीतलं तेवढंच लक्षात राहतं. फक्त भाजल्या असं सांग.

पुढे आमची ओळख वाढली. पोनिजान मादियुनकडच्या एका खेड्यातला. घरात सात भावंडं, हा पाचवा. एकोणिसाव्या वर्षी आरमारात शिरला तो पोटभर भात मिळेल म्हणून, आणि भात शिजवायच्याच कामाला लागला. पाणबुडीवर मात्र नुसता स्वयंपाकी चालत नाही. तिथे प्रत्येकाला सगळी बोट यावी लागते. डोळे बांधतात आणि पहिल्या खणापासून सातव्यापर्यंत चालवतात. हात लागेल तो कॉक कसला, कुठे फिरवला की कुठलं पाणी आत येतं, सगळं सांगायचं. पोनिजान त्यात पास झाला होता. दुसऱ्या खेपेला, पण पास. जो पास होतो त्याला गस्तीवरून परतल्यावर धक्क्यावर रांगेत उभं करून छातीवर डावीकडे बिल्ला लावतात, सोनेरी शार्कचा. बासष्टच्या त्या गस्तीनंतर रांगेत अकरा जण उभे राहायचे होते. मिरच्यांची चौकशी झाली आणि दहा राहिले. अकरावा सामानाची पिशवी घेऊन बाजूच्या शिडीने उतरला.

त्यानंतर सव्वीस वर्षं त्याने तळावरच्या भटारखान्यात भात शिजवला. माझ्या किश्शात एवढं एकच वाक्य शंभर टक्के खरं होतं. निवृत्त झाल्यावर वोनोक्रोमोच्या बाजारामागे बायकोबरोबर छोटी खाणावळ काढली. भात, उकडलेल्या भाज्या, दाण्याची चटणी, आंबवलेल्या सोयाबीनचं तळलेलं तेम्पे. सांबलच्या मिरच्या त्याची बायको भाजायची, आणि ती भाजायला बसली की हा उठून रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहायचा. गिऱ्हाइकं यावरून त्याची टर उडवायची. तो हसायचा. पोनिजानचं हसणं ही एक फसवी गोष्ट होती, कुठल्याही प्रसंगी तो तेच काढायचा.

दर सप्टेंबरात जुने पाणबुडीवाले बोटीपाशी जमतात. बाटिकचे शर्ट, त्यावर बिल्ले, भाषणं, मग जेवण. जेवणात काळ्या रश्श्याचं मटण असतं, आणि गेली कित्येक वर्षं ते पोनिजान करून आणायचा; ओळख होईपर्यंत पातेल्यामागच्या त्या माणसाकडे मीही नीट पाहिलं नव्हतं. भलंमोठं पातेलं सायकलरिक्षात घालून. तो वाढायचा, ते जेवायचे. जेवता जेवता एखादा म्हणायचा, “पोन, आज भाजलं नाहीस ना काही?” सगळे खोटं खोटं खोकायचे. मग बोटीसमोर फोटो काढायचे. फोटोत बिल्लेवालेच असत. पातेलं घासत असलेल्या माणसाला कुणी मुद्दाम टाळत नव्हतं, हेही मला सांगितलं पाहिजे. त्यांना ते सुचतच नव्हतं.

बिल्ल्याबद्दल तो स्वतः कधी बोलला नाही. बोलली ती त्याची बायको सुपार्ती. जाड भिंगांचा चष्मा लावणारी, जिभेने तिखट बाई. मी जेवायला गेलो की माझ्या ताटात जास्तीचं तेम्पे टाकून ती सुरू व्हायची.

“ह्यांचे शर्ट मी शिवते,” ती म्हणाली. “डाव्या बाजूला खिसा शिवू देत नाहीत. का, विचारलं तर म्हणतात, लागत नाही. माणसाला खिसा लागत नाही? विडी उजव्या खिशात, चष्मा उजव्या खिशात, फुगून कोंबडीच्या पोटासारखा होतो तो. आणि डावी बाजू मोकळी. मला काय कळत नाही?”

मग तिने मला नियम सांगितला. तो तिला कुणाकडून तरी कळला होता. परीक्षा पास झालेल्या पण बिल्ला राहून गेलेल्या खलाशाला तो नंतरही मिळू शकतो. त्याच्या कॅप्टनने एका कागदावर दोन ओळी लिहून सही केली पाहिजे, की हा माणूस माझ्या बोटीवर होता आणि बिल्ल्याला लायक होता. जुन्या पाणबुडीवाल्यांची संघटना मग तो पाठवते. कॅप्टन हयात होते. हार्योतो त्यांचं नाव, कर्नल होऊन निवृत्त झाले, दार्मो भागातल्या मोठ्या रस्त्यावर राहायचे. वोनोक्रोमोहून वीस मिनिटांच्या वाटेवर.

“वीस मिनिटं,” सुपार्ती म्हणाली. “आणि ह्यांना अठ्ठेचाळीस वर्षं झाली, अजून पोचले नाहीत.”

पोचत तर तो दर वर्षी होता. आमच्याकडे ईदला सगळेच सगळ्यांची माफी मागतात. उघड काही चुकलं असेल, मनात काही वाईट आलं असेल, ते सगळं माफ करा, असं हात जोडून म्हणायचं, आणि समोरच्यानेही तेच म्हणायचं. धाकट्याने थोरल्याच्या घरी जायचं. पोनिजान दर ईदला बिस्किटांचा डबा घेऊन कॅप्टनच्या दारात जायचा, वाकायचा, माफी मागायचा. कॅप्टनही म्हणायचे, माझंही काही चुकलं असेल तर माफ कर. मग चहा. बाकीच्या खलाशांना कॅप्टन खुर्चीतूनच निरोप द्यायचे, याला मात्र फाटकापर्यंत सोडायला यायचे. यातलं काय रीतीचं आणि काय मनातलं, हे तिसऱ्या माणसाने कसं ओळखायचं? पण त्या फाटकापाशीही पोनिजानने सहीचा विषय काढला नाही. मी एकदा खोदून विचारलं तर म्हणाला, “साहेबांना अवघड होईल.” त्यात अवघड काय, ते मला तेव्हा कळलं नाही. मी त्याला भित्रा ठरवला.

त्याच सुमारास मला संग्रहालयात फोन आला. कॅप्टनची मुलगी रेत्नो बोलत होती. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली बाई, बोलणं मोजून मापून. वडिलांना विसर पडायला लागलाय म्हणाली. दोन वर्षांपासून. डॉक्टर म्हणतात ओळखीच्या जागा दाखवा. गर्दी नसताना त्यांना बोटीत फिरवता येईल का?

मी गुरुवार सकाळ दिली. मुद्दाम दिली, हे कबूल करतो. आदल्या दिवशी संघटनेच्या नमुन्याप्रमाणे कागद टाइप करून घेतला, नाव-गाव-सालासकट, खाली सहीची जागा मोकळी. दोघं चौथ्या खणात समोरासमोर आले की मी पेन पुढे करणार. ‘विसर पडायला लागलाय’ या शब्दांवर मी फारसा विचार केला नव्हता. माझे सासरेही विसरतात, पण सही करतात.

गुरुवारी आठ वाजता रेत्नो त्यांना घेऊन आली. पांढरा इस्त्रीचा शर्ट, त्यावर बिल्ला, हातात काठी. त्यांनी मला विचारलं, बस कधी येणार. रेत्नो हळूच म्हणाली, सकाळपासून तीनदा विचारलंय. घरातली न्हाणीघराची वाट त्यांना सापडत नाही. माझ्या खिशातला कागद मला एकदम जड वाटायला लागला.

पण आत गोष्ट वेगळी झाली. दोन खणांच्या मधे गोल दार असतं, कमरेइतक्या उंचीवर, जेमतेम माणूस मावेल एवढं. धडधाकट पाहुणेही तिथे डोकं आपटून घेतात. कॅप्टनने काठी माझ्या हातात दिली, वरचा दांडा धरला, आधी एक पाय, मग अंग, मग दुसरा पाय, आणि ते पलीकडे उभे होते. मी मागून धडपडत गेलो. तिसऱ्या खणात पेरिस्कोपपाशी थोडा वेळ थांबले. रेत्नोने विचारलं, बाबा, ओळखलंत का? त्यांनी तिच्याकडे अशी नजर टाकली की ती गप्प झाली. पुढचं गोल दारही त्यांनी तसंच पार केलं.

चौथ्या खणात पोनिजान शेगडीजवळ उभा होता. येणार कोण हे मी त्याला सांगितलं नव्हतं. कॅप्टनना बघून त्याने रुमाल खिशात टाकला, टाचा जुळवल्या. रबरी चपलांच्या टाचा वाजत नाहीत, तरी जुळवल्या.

“पोन,” कॅप्टन म्हणाले.

“हजर, साहेब.”

“सांबल कुठंय? सकाळी सांगितलं होतं ना तुला?” त्यांचा आवाज बदलला होता, बस विचारणाऱ्या माणसाचा तो नव्हता. “आज भाजून कर म्हणालो होतो. तीन दिवस झाले, पोरांना डब्यातलं जेवण जात नाहीये. उलट्या करतायत. रिकाम्या पोटी किती दिवस उभे राहतील?”

रेत्नो माझ्या बाजूलाच होती. तिने माझा दंड धरला, आधारासाठी धरावा तसा. हा किस्सा तिने लहानपणापासून जेवणाच्या टेबलावर ऐकलेला. त्यात वडील खूप थंड डोक्याने बोट वाचवतात आणि एक मूर्ख स्वयंपाकी असतो.

“होतंय, साहेब,” पोनिजान म्हणाला. “मिरच्या तव्यावर आहेत.”

“लवकर कर. पंखे चालू आहेत तोवर.” कॅप्टन जायला वळले, पुन्हा थांबले, आणि त्याच्या छातीकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या. “आणि तुझा बिल्ला कुठंय?”

“घरी राहिला, साहेब.”

“माझ्या बोटीत बिल्ल्याशिवाय फिरायचं नाही. उद्या लावून ये.”

“येतो, साहेब.”

कॅप्टन पाचव्या खणात गेले. सातव्यापर्यंत पोचेपर्यंत ते पुन्हा बसची चौकशी करायला लागले होते.

बाहेर बदामाच्या झाडाखाली बाक आहे. कॅप्टनना तिथे बसवून रेत्नोने त्यांच्या हातात थंड चहाचा ग्लास दिला, आणि आम्ही तिघं जरा बाजूला उभे राहिलो. मला राग आला होता. इतकी वर्षं ज्याच्यावर हसलो तो माणूस हुकूम पाळत होता, आणि हुकूम देणारा कर्नल होऊन दार्मोत राहत होता. मी तसं बोललोही, मुलीच्या तोंडावर. तिने ऐकून घेतलं.

मग तिने पोनिजानला विचारलं, “बापाक, चौकशीत तुम्ही सांगितलं का नाही?”

“मला कुणी विचारलंच नाही, इबू,” पोनिजान तिला अदबीने म्हणाला. “चौकशीत एकच प्रश्न होता. मिरच्या कुणी भाजल्या? मीच भाजल्या होत्या.”

“बाबा होते तिथे?”

“माझ्या शेजारच्या खुर्चीत.”

पोनिजान पुढे बोलत राहिला, तिला वाईट वाटू नये म्हणून की काय. साहेबांनी सांगितलं ते पोरांच्या भल्यासाठीच सांगितलं होतं, म्हणाला. जहाज येणार हे त्यांना कुठे ठाऊक होतं. आणि त्या वेळी त्यांना उतरवलं असतं तर बोट दुसऱ्या कॅप्टनच्या हाती गेली असती, त्याला हा समुद्र माहीत नव्हता. स्वयंपाकी काय, दुसरा मिळतो.

मी कागद काढला. म्हटलं, सहीचं जमणार नाही, पण त्यांनी बिल्ला लावून यायला सांगितलंय, हे आम्ही दोघांनी ऐकलंय. तेवढं लिहू, साक्षीदार म्हणून आम्ही सह्या करू. संघटनेचा चिटणीस माझ्या ओळखीचा आहे.

“आणि सांबलचं?” पोनिजान म्हणाला.

“ते लिहायची काय गरज?”

“दोन्ही एका दमात बोलले ते, तोहीर. एक लिहायचं आणि एक गाळायचं, ही साक्ष झाली का? सांबलचं सांगताना साहेब भ्रमात होते आणि बिल्ल्याचं सांगताना शुद्धीत, असं होतं का कुठे?” त्याने कागद माझ्या हातून घेतला आणि घडी घालायला लागला. “राहू दे. त्यांच्या नावाला लागेल असलं काही माझ्यामुळे लिहिलं जायला नको.”

त्याचं म्हणणं सरळ होतं आणि मला त्याचा संताप आला. एक ओळ, फक्त एक ओळ गाळायची होती. सुपार्तीला काय सांगू, असंही मी विचारलं. तो नेहमीचं हसला.

रेत्नोने तो घडी घातलेला कागद त्याच्याकडून मागून घेतला. चष्मा लावला. बाकाच्या कडेला, वडिलांच्या शेजारी बसली आणि पर्समधलं पेन काढून मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला लागली. कॅप्टन नदीकडे बघत चहा पीत होते. तिने सगळं लिहिलं. सकाळी काय सांगितलं होतं, मुलं खात नव्हती, पंखे चालू आहेत तोवर, आणि मग बिल्ल्याचं. शिक्षिकेचं अक्षर, कुठे खाडाखोड नाही. खाली स्वतःचं पूर्ण नाव आणि ‘कॅप्टन हार्योतो यांची मुलगी’ असं लिहून सही केली. मग मला पेन दिलं.

“इबू, कशाला?” पोनिजान म्हणाला.

“मी मुलांना तीस वर्षं सांगत आले,” ती म्हणाली, “की उत्तर बरोबर असून भागत नाही, पायऱ्या पण लिहायच्या.”

संघटनेत त्यावरून गदारोळ झाला. काही म्हाताऱ्यांनी रेत्नोला फोन करून सुनावलं, बापाचं नाव घालवलंस म्हणून. एकाने मला कोरड्याने ओल्यांच्या भानगडीत पडू नये असं बजावलं. चिटणीस म्हणाला, विसर पडलेल्या माणसाचं बोलणं पुरावा कसं धरायचं? मग त्या गस्तीतला, पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या सोनार यंत्रावर बसणारा एक म्हातारा मलांगहून आला. त्याने दोन वाक्यांत सांगितलं की त्या सकाळी तो चहा मागायला चौथ्या खणात गेला होता आणि त्याने तो हुकूम कानांनी ऐकला होता. इतकी वर्षं का बोलला नाहीस, असं त्याला विचारलं गेलं. तो म्हणाला, कॅप्टन बोलतील म्हणून थांबलो होतो. पाच महिन्यांनी बिल्ला आला. टपालाने, खाकी पाकिटात.

पोनिजानने तो सप्टेंबरच्या मेळाव्यासाठी ठेवला नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्याने मला बोलावून घेतलं. मी पोचलो तेव्हा खाणावळीच्या मागच्या बाजूला तो चुलीपुढे बसून स्वतः मिरच्या भाजत होता, आणि सुपार्ती रस्त्यापलीकडे उभी राहून खोकत त्याला शिव्या देत होती. तरासीसकट सगळं पाट्यावर वाटून त्याने डब्यात भरलं. भात घेतला, तळलेले मासे घेतले. आम्ही दार्मोला गेलो.

कॅप्टन पलंगाला टेकून बसले होते, बरेच खंगलेले. दोन दिवस तोंडात घास घेत नाहीत, रेत्नो म्हणाली. त्यांनी तिला ओळखलं नव्हतं, मलाही नाही. पोनिजान पलंगाच्या पायथ्याशी टाचा जुळवून उभा राहिला. छातीवर बिल्ला. कॅप्टन बराच वेळ बिल्ल्याकडे बघत राहिले.

“उद्या ये म्हणालो होतो,” ते शेवटी म्हणाले. “उशीर केलास.”

“झाला खरा, साहेब.”

“बरं, वाढ आता. पोरं उपाशी आहेत.”

पोनिजानने डबा उघडला आणि पहिलं ताट त्यांच्यापुढे ठेवलं. पहिल्याच घासाला कॅप्टनना जोराचा ठसका लागला. रेत्नो पाणी घेऊन धावली. त्यांनी हाताने तिला थांबवलं आणि मोकळेपणाने, पोटभर खोकले.